आर्थिक सल्लागार आणि अर्थविषयक भाष्यकार: दोन्ही व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करावी

दर वर्षी १ फेब्रुवारीला सकाळी अकराला अर्थसंकल्पाचं भाषण सुरू होतं आणि दुपारी एकच्या सुमाराला मराठी वाहिन्यांवर तज्ज्ञांच्या चौकटी उघडतात. त्या चौकटीतला माणूस पाहून बऱ्याच तरुणांना, आणि बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या बऱ्याच मंडळींनाही वाटतं, हे आपल्याला जमेल. जमेलही. पण त्या चौकटीमागे दोन निरनिराळे व्यवसाय आहेत. एक म्हणजे लोकांच्या पैशांचं नियोजन करून त्यावर आपला चरितार्थ चालवणं. दुसरा म्हणजे पैशांविषयी जाहीरपणे लिहिणं-बोलणं. पहिल्यातून घर चालतं, दुसऱ्यातून नाव होतं, आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिलं काम निदान दोन-तीन वर्षं मन लावून केल्याशिवाय दुसऱ्याच्या नादी लागू नये. ज्याने कधी कुणाचा अर्ज भरून घेतलेला नाही, बाजार कोसळल्यावर घाबरलेल्या गुंतवणूकदाराचा रात्रीचा फोन घेतलेला नाही, त्याचा लेख वाचताना चार ओळींतच ते लक्षात येतं.

पायरी १: वितरक व्हायचं की सल्लागार, हे ठरवा

गावात म्युच्युअल फंडवाला, एलआयसीवाला, पोस्टाची एजन्सी चालवणाऱ्या ताई, सगळेच सल्लागार असतात. सेबीच्या, म्हणजे भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेच्या, लेखी मात्र वितरक आणि सल्लागार या दोन वेगळ्या खुर्च्या आहेत आणि एका माणसाला दोन्हींवर बसता येत नाही.

म्युच्युअल फंड वितरक ग्राहकाकडून फी घेत नाही. ग्राहक त्याच्यामार्फत योजनेच्या रेग्युलर प्लॅनमध्ये पैसे गुंतवतो आणि फंड घराणं वितरकाला कमिशन देतं. हे कमिशन कसं मिळतं ते नीट समजून घ्या, कारण तुमचा सगळा हिशोब त्यावर उभा राहणार आहे. ऑगस्ट २००९ पर्यंत गुंतवणूक होतानाच ग्राहकाच्या रकमेतून एन्ट्री लोड कापला जायचा. सेबीने तो बंद केला. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये फंड घराण्यांकडून मिळणारं आगाऊ कमिशनही थांबवलं. आता राहिलं आहे ते मुख्यतः ट्रेल, म्हणजे ग्राहकाचे पैसे जोवर योजनेत आहेत तोवर त्या रकमेवर मिळणारं थोडं थोडं कमिशन. ग्राहक गेला, पैसे गेले, की कमिशनही बंद.

नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराचं याच्या उलट असतं. सेबीच्या २०१३ च्या नियमांखाली त्याची नोंदणी होते. तो ग्राहकाकडून करार करून फी घेतो आणि फंड घराण्यांकडून एक पैसाही घेत नाही. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेला डायरेक्ट प्लॅन आला आहे. त्यात कमिशन नसल्याने खर्च कमी असतो, आणि सल्लागार ग्राहकाला तिकडेच पाठवतो. फी किती घ्यावी यालाही मर्यादा आहे: ठरावीक फी घेत असाल तर एका कुटुंबामागे वर्षाला १ लाख ५१ हजार रुपयांपर्यंत, आणि मालमत्तेच्या टक्केवारीने घेत असाल तर अडीच टक्क्यांपर्यंत. डिसेंबर २०२४ मध्ये नियम बरेच सैल झाले. आधी नक्त मालमत्ता दाखवावी लागायची, आता ग्राहकसंख्येनुसार बँकेत ठेव ठेवावी लागते. १५० ग्राहकांपर्यंत ही ठेव १ लाख रुपयांची आहे. दुसरं काही काम करता करता अर्धवेळ सल्लागार होण्याची वाटही तेव्हाच खुली झाली, त्यात ७५ ग्राहकांची मर्यादा आहे.

मग निवड कशी करायची? तालुक्याच्या किंवा मध्यम आकाराच्या शहरात बसणार असाल तर वितरक म्हणून सुरुवात करा, असं मी म्हणेन. ‘सल्ल्याचे पैसे?’ हा प्रश्न तिथे अजून खऱ्या आश्चर्याने विचारला जातो. डॉक्टरला तपासणीची फी देणारा माणूस ‘तुम्ही फक्त बोललात, दिलं काय?’ असं विचारतो. पुण्या-मुंबईत, विशेषतः आयटीतल्या पगारदार वर्गात, फी देणारे भेटतात. परदेशातले मराठी लोकही देतात, कारण तिथे फी देऊन सल्ला घेण्याची त्यांना सवय झालेली असते. (अमेरिका आणि कॅनडातल्या ग्राहकांची गुंतवणूक काही फंड घराणी स्वीकारतच नाहीत. त्यामुळे ‘माझा भाऊ न्यू जर्सीला आहे, त्याचंही करून टाक’ असं कुणी म्हटलं तर हो म्हणण्याआधी ते तपासा.)

वितरक झालात तर पाटीवर ‘सल्लागार’ लिहू नका. ‘इंडिपेंडंट फायनान्शियल अ‍ॅडव्हायझर’, ‘वेल्थ अ‍ॅडव्हायझर’ यांसारखी नावं नोंदणीशिवाय वापरायला २०२० पासून मनाई आहे. तरीही अशा पाट्या रस्तोरस्ती दिसतात. तुम्ही पुढे माध्यमांत बोलणार आहात, आणि तुमच्या नावाखाली दिसणारं पद कुणीतरी तपासणारच.

पायरी २: परीक्षा

परीक्षा राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेच्या, म्हणजे एनआयएसएमच्या. सेबीने २००६ मध्ये ही संस्था काढली आणि तिचं मोठं आवार आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. परीक्षेसाठी तिथे जावं लागत नाही, शहरोशहरी केंद्रं आहेत.

वितरकासाठी पाच-ए मालिकेची परीक्षा: १०० प्रश्न, दोन तास, उत्तीर्ण व्हायला ५० टक्के, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. महिनाभर रोज दोन तास अभ्यास केला तर वाणिज्य शाखेबाहेरचा माणूसही आरामात पास होतो. सल्लागारासाठी दहा-ए आणि दहा-बी अशा दोन परीक्षा, दोन्हींत ६० टक्के हवेत आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात. त्यात उदाहरणं सोडवायची असतात, कर, विमा, निवृत्ती आणि वारसा असं सगळं येतं. शिवाय पदवी लागते. पदवीचे निकष मध्ये मध्ये बदलत आले आहेत, तेव्हा अर्ज करण्याआधी सेबीच्या संकेतस्थळावरचा ताजा नियम स्वतः वाचा. क्लासवाल्याच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

वितरक होणार असाल तरी दहा-ए चं पुस्तक वाचून ठेवा, असा माझा आग्रह आहे. पाच-ए मध्ये योजना कशी विकायची ते कळतं, माणसाला कशाची गरज आहे ते दहा-ए मध्ये कळतं. पुढे स्तंभ लिहाल तेव्हा निम्मे विषय त्यातूनच निघतील.

पायरी ३: नोंदणी आणि कागदपत्रं

परीक्षा झाली की वितरकाने फंड घराण्यांच्या संघटनेकडे, म्हणजे अ‍ॅम्फीकडे अर्ज करून एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक घ्यायचा. त्यासोबत ईयूआयएन, म्हणजे विक्री करणाऱ्या व्यक्तीचा ओळख क्रमांक मिळतो. प्रत्येक अर्जावर हे दोन्ही क्रमांक लागतात, म्हणजे कोणत्या माणसाने ही योजना सुचवली ते कायमचं नोंदलं जातं. मग फंड घराण्यांशी एकेक करून करार करायचे, किंवा बीएसई स्टार एमएफसारखा मंच घ्यायचा. मंचावर सगळ्या घराण्यांचे व्यवहार एका जागी होतात. आज कुणीही नवा माणूस कागदी अर्जांच्या चळती घेऊन हिंडत नाही.

विम्याची एजन्सी सोबत घ्यायची का? आरोग्यविमा आणि मुदत विमा ग्राहकाला लागतोच, म्हणून पुष्कळ जण घेतात. माझी हरकत एकच: एन्डाउमेंट आणि मनीबॅक, म्हणजे विमा आणि बचत एकत्र बांधलेल्या पॉलिसीवर पहिल्या वर्षीचं कमिशन इतकं गोड असतं, की म्युच्युअल फंडाच्या ट्रेलची वाट पाहणं जड जायला लागतं. सकाळी वर्तमानपत्रात ‘विमा आणि गुंतवणूक वेगळी ठेवा’ असं लिहायचं आणि संध्याकाळी मनीबॅक विकायची, हे शहर लहान असेल तर महिन्याभरात उघडं पडतं.

पायरी ४: दोन वर्षं घर कसं चालणार ते आधी मांडा

ही पायरी लोक गाळतात आणि मग वर्षभराने पुन्हा नोकरी शोधतात. कागद-पेन घ्या.

ट्रेलचा दर योजनेप्रमाणे बदलतो. समभाग योजनांवर सरासरी ०.८ टक्के धरू. तुमच्यामार्फत १ कोटी रुपये गुंतलेले असतील तर वर्षाला ८० हजार, महिन्याला साधारण ६,७०० रुपये. एक कोटी! ऐकायला केवढी रक्कम, आणि हातात येतात ते दुचाकीचा हप्ता आणि पेट्रोलचे पैसे. महिन्याला ५० हजार हवे असतील तर साडेसात कोटी जमवावे लागतील.

आता एसआयपीच्या बाजूने बघा. शंभर कुटुंबं, प्रत्येकाची महिना ५ हजारांची एसआयपी, म्हणजे महिन्याला ५ लाख आणि वर्षाला ६० लाख. बाजार अजिबात वाढला नाही असं धरलं, तरी पाच वर्षांनी ३ कोटी होतात आणि तुम्हाला महिन्याला २० हजार मिळू लागतात. बाजार वाढला तर जास्त, पण त्यावर घरखर्च मांडू नका. शंभर कुटुंबं जमवायलाच दोन-तीन वर्षं लागतात, हेही त्यात धरा.

फीवर काम करणाऱ्याचं चित्र सुरुवातीला बरं दिसतं. ४० कुटुंबांनी वर्षाला २० हजार दिले तर ८ लाख. त्यातून सॉफ्टवेअर, वार्षिक लेखापरीक्षण, नियमांची पूर्तता आणि जागेचं भाडं जाईल. शिवाय ती ४० कुटुंबं पुढच्या वर्षी पुन्हा फी देतील, याची खात्री दर वर्षी नव्याने कमवावी लागते.

म्हणून निदान दोन वर्षांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. नवरा-बायकोपैकी एकाचा पगार सुरू असेल तर उत्तमच. ज्याला महिनाअखेरची चिंता असते तो ग्राहकाला नको ती योजना विकतो. मी हे बऱ्यापैकी प्रामाणिक माणसांच्या बाबतीतही घडताना पाहिलं आहे.

पायरी ५: पहिले ग्राहक

नातेवाईक पहिले येतात, ते आलेच पाहिजेत. पण नातेवाइकाकडेही तोच कागद भरून घ्या जो परक्याकडे घ्याल: उत्पन्न, खर्च, कर्ज, विमा, अवलंबून असलेली माणसं, आणि पैसे कधी लागणार. मावसकाकांना हे विचारताना अवघडल्यासारखं होतं. विचारा तरी.

‘काका, ही पॉलिसी कशासाठी घेतली होती?’

‘अरे, मार्च महिना होता. बँकेतला मुलगा म्हणाला, साहेब, टॅक्स वाचतो. सही केली.’

‘आणि मुदत ठेव कुठे आहे?’

‘ती आपल्या पतसंस्थेत. दीड टक्का जास्त देतात. चेअरमन आपलाच माणूस आहे.’

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची आर्थिक कुंडली या चार वाक्यांत आहे, आणि तुमचं काम तिथून सुरू होतं. इथे लगेच योजना काढून दाखवायची नसते. आधी सांगायचं, की बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. ते ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला व्याजासकट ५ लाख रुपयांपर्यंत आहे, त्याआधी १ लाख होतं. पतसंस्था मात्र त्या छत्राखाली येत नाही. सहकारी बँक येते, सहकारी पतसंस्था येत नाही, हा फरक भल्याभल्यांना माहीत नसतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा मुद्दा दोन मिनिटांत पटतो.

दोन गोष्टींना पहिल्या दिवसापासून नकार द्या. एक, ‘कमिशनमधलं थोडं आम्हाला परत द्या की’. वितरकांच्या आचारसंहितेत याला बंदी आहे, हसून सांगा आणि विषय बदला. दोन, ‘किती टक्के नक्की मिळतील?’ याला आकडा देऊ नका. भिशीत आणि दामदुप्पट योजनांत पोळलेला माणूसच हा प्रश्न सर्वांत आधी विचारतो, आणि आकडा देणाऱ्यावरच पुन्हा विश्वास ठेवतो.

प्रत्येक बैठकीनंतर चार ओळी लिहून ग्राहकाला ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप करा: काय बोललो, काय सुचवलं, का सुचवलं. सल्लागाराला नोंदी पाच वर्षं जपून ठेवणं बंधनकारकच आहे. वितरकाने स्वतःच्या भल्यासाठी ठेवाव्यात. याच चार ओळींतून पुढे लेख होतात, नाव-गाव काढून टाकलं की.

पायरी ६: बोलायला सुरुवात जवळून करा

महाराष्ट्रात पैशांविषयी जाहीर बोलण्याची परंपरा जुनी आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, आणि रानडे स्वतः अर्थशास्त्रावर बोलणारे होते. मुंबईत नानी पालखीवालांनी १९५८ मध्ये एका हॉटेलच्या लहानशा सभागृहात अर्थसंकल्पावर बोलायला सुरुवात केली, आणि पुढे ही व्याख्यानं ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्यावी लागली इतकी गर्दी होऊ लागली. करांच्या कलमांवर बोलणाऱ्या वकिलासाठी स्टेडियम भरतं! श्रोते असतात, त्यांना समजेल असं बोलणारा लागतो.

तुमच्या शहरातही जागा आहेत: ज्येष्ठ नागरिक संघ, शिक्षकांची सोसायटी, महिला बचत गट, रोटरी, ग्रंथालयाची व्याख्यानमाला, कॉलेजचा वाणिज्य विभाग. पहिली वीसेक व्याख्यानं फुकट द्यावी लागतात. विषय मागायला जाऊ नका, घेऊन जा. ज्येष्ठ नागरिक संघात ‘शेअर बाजाराची ओळख’ ठेवलीत तर लोक चहा होईपर्यंत थांबतील. ‘नॉमिनी म्हणजे वारस नव्हे’ ठेवलंत तर प्रश्नोत्तरं तासभर चालतात. नॉमिनीला पैसे ताब्यात मिळतात, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते, एवढं सांगितलं की पहिल्या रांगेतली कुजबुज सुरू झालीच म्हणून समजा. लोकांनी विचारलेले प्रश्न वहीत उतरवून घ्या. ते वर्षभर पुरतात.

सभागृहात ग्राहक गोळा करू नका. कार्ड वाटणं, हजेरीच्या नावाखाली फोन नंबर घेणं, शेवटी ‘ज्यांना एसआयपी करायची आहे त्यांनी थांबा’ म्हणणं, या सगळ्याने व्याख्यानाची विक्रीसभा होते आणि आयोजक पुन्हा बोलावत नाहीत. ज्याला यायचं असतं तो तुमचा पत्ता शोधत येतो.

पायरी ७: वर्तमानपत्रात लिहिणं

मराठी वर्तमानपत्रांत अर्थविषयाला जागा आहे. ‘लोकसत्ता’ची सोमवारची ‘अर्थवृत्तान्त’ पुरवणी वर्षानुवर्षं वाचली जाते. पण सुरुवात जिल्हा आवृत्तीतून करा. तिथल्या उपसंपादकाला वेळेवर येणारा, शब्दमर्यादा पाळणारा आणि दुरुस्त्या न करता छापता येणारा मजकूर हवा असतो, आणि तो फार कमी लोक देतात. संपादकाला ‘मी आर्थिक साक्षरतेवर सदर लिहू इच्छितो’ असं पत्र पाठवू नका. तीन तयार लेख पाठवा, प्रत्येकी सहाशे-सातशे शब्दांचे, आणि त्यातला एक त्याच आठवड्याच्या घडामोडीवर असू द्या.

मानधन किरकोळ असतं, कधी नसतंच. हे सदर लिहिण्याच्या कष्टाशी ताडून बघू नका, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात सोडाल.

भाषेबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो: अचूकपणा हीच इथली शैली. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर सगळीकडे ‘१२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त’ असं छापून आलं. वाचकाने त्याचा अर्थ असा घेतला, की १३ लाख मिळाले तर वरच्या एका लाखावरच कर. प्रत्यक्षात नव्या कररचनेत करमुक्त मर्यादा ४ लाखांची होती. १२ लाखांपर्यंत करात पूर्ण सूट होती, त्यामुळे भरायचा कर शून्य होत होता. १२ लाखांच्या किंचित वर गेलेल्यांना थोडा दिलासा होता, पण पुढे ४ लाखांपासूनच्या टप्प्यांनी हिशोब होत होता. आणि शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ती सूट लागू नव्हती. पगारदाराची प्रमाणित वजावट धरली तर आकडा १२ लाख ७५ हजार. एवढं सगळं तीन सोप्या वाक्यांत लिहिता येतं का, याचा सराव करा. येत असेल तर तुम्ही स्तंभलेखक आहात. ‘मध्यमवर्गाला मोठा दिलासा’ लिहायला तर बातमीदार आहेच.

पायरी ८: जाहीर बोलण्याचे नियम

बाजाराच्या एकूण दिशेबद्दल, अर्थव्यवस्थेबद्दल, कोणत्याही विशिष्ट शेअरचं किंवा योजनेचं नाव न घेता सद्‌भावनेने केलेलं भाष्य सल्लागारांच्या नियमांत येत नाही. त्यासाठी नोंदणी लागत नाही. ‘महागाई वाढतेय, ज्येष्ठांनी सगळे पैसे एकाच प्रकारच्या ठेवीत ठेवू नयेत’ हे कुणीही म्हणू शकतो.

अमुक कंपनीचा शेअर घ्या, इतक्याला विका, असं म्हणालात की खेळ बदलतो. ते संशोधन विश्लेषकाचं काम. त्याचे वेगळे नियम २०१४ चे आहेत, नोंदणी वेगळी, परीक्षाही वेगळी. म्युच्युअल फंडाचा एआरएन तिथे उपयोगाचा नाही. वाहिनीवर शेअरबद्दल मत देताना नाव, नोंदणीची स्थिती आणि त्या शेअरमध्ये आपला हितसंबंध आहे का, ते सांगावं लागतं. स्वतंत्र विश्लेषकाला शिफारशीच्या आधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस त्या शेअरचा स्वतःसाठी व्यवहार करता येत नाही.

हे कागदावरचे नियम आहेत असं समजू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेबीने एका व्यापारविषयक वाहिनीवरच्या पाहुण्या तज्ज्ञांच्या प्रकरणात अंतरिम आदेश काढला आणि ७ कोटी ४१ लाखांचा कथित बेकायदा नफा जप्त करायला सांगितलं. आरोप साधा होता: कार्यक्रमात कोणता शेअर सुचवणार ते काही जणांना आधीच कळवायचं, त्यांनी आधी घेऊन ठेवायचा, कार्यक्रम झाल्यावर भाव चढला की विकायचा.

समाजमाध्यमांवर बोलणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. जाहिरात मानक परिषदेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं, की गुंतवणुकीबद्दल पैसे घेऊन बोलणाऱ्याने सेबीची नोंदणी आणि तिचा क्रमांक ठळकपणे दाखवावा. आणि जानेवारी २०२५ च्या सेबीच्या परिपत्रकाने ‘आम्ही फक्त शिक्षण देतो’ ही पळवाट अरुंद केली: फक्त शिक्षण देणाऱ्याने आधीच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून एखाद्या शेअरबद्दल बोलायचं नाही. ज्याला खरोखर शिकवायचंय त्याला जुनी उदाहरणं पुरतात. ज्याला टिप द्यायची असते त्यालाच कालचा भाव लागतो.

माझी स्वतःची रेषा नियमापेक्षा थोडी अलीकडे आहे. वितरक असताना मी लेखात कोणत्याही योजनेचं नाव घेऊ नये, असं मला वाटतं, कौतुकासाठीही नाही आणि टीकेसाठीही नाही. प्रकार सांगावा, निकष सांगावेत, नाव वाचकाने शोधावं. ज्याच्या विक्रीवर आपलं पोट आहे त्याचं कौतुक छापून आणलं, की पुढचं सगळं लिखाण वाचक त्याच नजरेने वाचतो.

पायरी ९: कॅमेऱ्यासमोर

वाहिनीवरून फोन येतो तो आयत्या वेळी. ‘सर, पंधरा मिनिटांत लाइव्ह आहे, बाजार पडलाय, दोन मिनिटं बोलाल?’ हो म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारा: नेमका विषय काय, सोबत कोण आहे, पडद्यावर माझं पद काय लिहिणार. तिसऱ्याचं उत्तर लिहून पाठवा. नाहीतर वितरकाचा ‘ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ’ व्हायला वेळ लागत नाही.

दोन मिनिटांत एकच मुद्दा सांगून होतो. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने एकाच दिवशी सहा रोखे योजना बंद केल्या, तेव्हा प्रेक्षकांना सगळ्यात आधी एकच गोष्ट हवी होती: माझे पैसे गेले की अडकले? तेवढं सांगून, ‘या सहा योजनांत तुम्ही आहात का ते आधी विवरणपत्रात बघा’ असं म्हटलं की झालं. रोख्यांच्या पतमानांकनाचा इतिहास दुसऱ्या दिवशीच्या लेखासाठी ठेवावा. घबराटीच्या दिवशी भाकीत तर करूच नये. ‘निर्देशांक कुठवर जाईल?’ असं निवेदकाने तीनदा विचारलं तरी ‘मला सांगता येणार नाही, पण ज्यांना तीन वर्षांत पैसे लागणार आहेत त्यांनी हे बघा’ असं म्हणून आपल्या मुद्द्यावर या. निवेदकाला राग येत नाही, त्याला वाक्य पूर्ण झालं की पुरतं.

अर्थसंकल्पाच्या दिवशी भाषण ऐकून लगेच बोलू नका. भाषण संपल्यावर वित्त विधेयक आणि त्याचं स्पष्टीकरण देणारा दस्तऐवज संकेतस्थळावर येतो, करांतले खरे बदल तिथे असतात. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात समभागांवरच्या दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर साडेबारा टक्के झाला आणि सूट सव्वा लाखाची, हे भाषणात होतं. पण घर विकणाऱ्याचं इंडेक्सेशन, म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरण्याची सवलत, गेल्याने नेमकं काय होतं, हे विधेयक वाचूनच कळत होतं, आणि पुढच्या काही दिवसांत सरकारने त्यात जुन्या घरांसाठी बदलही केला. दुपारचं निमंत्रण नाकारून संध्याकाळचं घ्या. तोवर तुमच्याकडे आकडे असतील.

पायरी १०: दोन्ही कामं एकत्र चालू झाल्यावर

नाव झालं की फंड घराण्यांचे, विमा कंपन्यांचे, बिल्डरांचेही फोन येतात. व्याख्यानमाला आम्ही प्रायोजित करतो, फक्त मागे आमचा फलक राहील. तुमच्या सदरात आमच्या नव्या योजनेचा उल्लेख आला तर बघा. गोव्यात वितरकांची परिषद आहे, वहिनींनाही आणा. यातलं काय घ्यायचं आणि काय नाही ते आधीच ठरवून लिहून ठेवा, कारण फोन आल्यावर ठरवायला गेलात तर समोरचा तुमच्यापेक्षा चांगला विक्रेता असतो. फलक घेतलात तर व्याख्यानाच्या सुरुवातीला स्वतःच्या तोंडाने तसं सांगा. सदरातला उल्लेख कधीच विकू नका. संपादकाला कळलं तर सदर जातं, आणि त्याला कळतंच.

आठवड्याची विभागणी करा. लिहिण्याचा एक दिवस, बोलण्याची एखादी संध्याकाळ, बाकी सगळे दिवस ग्राहकांचे. प्रसिद्धीच्या नशेत पहिल्या शंभर कुटुंबांचे वार्षिक आढावे राहून जाणं ही या धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे. ग्राहक तक्रार करत नाहीत, हळूच दुसरीकडे जातात, आणि ट्रेलच्या विवरणपत्रात ते सहा महिन्यांनी दिसतं.

वितरकाचं एनआयएसएम प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं. मुदत संपण्याआधी पुन्हा परीक्षा द्यायची किंवा निरंतर शिक्षणाचा वर्ग करायचा. ती तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका, तीन महिने आधीच्या आठवणीसह.